रस्त्याखालचा नमदा

रस्त्याखाली मेंढीच्या लोकरीचा नमदा अंथरावा ही कल्पना सागिनालीची स्वतःची. हे मी सुरुवातीलाच बजावून ठेवतो, कारण पुढे ती मंत्र्यांची निघाली, मग बँकेची निघाली, आणि शेवटी तर कारा-बुलुन गावातल्या एका बाईनं ती आपल्या आजेसासूची असल्याचं भर रस्त्यात शपथेवर सांगितलं.

सागिनाली बिश्केकच्या रस्ते-संशोधन समन्वय विभागाचा प्रमुख होता. विभागात माणसं दोन. एक तो, आणि दुसरी हिशेबनीस तुर्सुनाय, जिला सगळी कचेरी वयाच्या मानानं ‘एजे’, म्हणजे ताई, म्हणायची आणि जिला सगळी कचेरी घाबरायची. विभागाचं काम असं की देशात कुणाला रस्त्यांवर काही संशोधन करायचं असेल तर त्याला पैसा मिळवून द्यायचा, आणि दोन ठिकाणी एकच संशोधन चाललं असेल तर त्या दोघांची गाठ घालून द्यायची. थोडक्यात वधूवर सूचक मंडळ. आणि या मंडळाच्या चालकाचं स्वतःचं लग्न, संशोधनाशी, तेवढं राहून गेलेलं. डांबरावर, पुलांवर, दरडींवर, गाढवांच्या खुरांमुळे होणाऱ्या झिजेवर इतरांनी केलेल्या संशोधनांना त्यानं उभ्या नोकरीत हार घातले; स्वतःच्या नावावर एक ओळ नाही.

त्यातच मंत्रालयातून निरोप आला. विभागानं पुढच्या वसंतापर्यंत स्वतःचं काहीतरी करून दाखवावं, नाहीतर तो उद्यान खात्यात विलीन करण्यात येईल. उद्यान खात्याचं मुख्य काम म्हणजे रस्त्याकडेच्या पॉप्लरच्या बुंध्यांना चुना लावणं. सागिनालीला रात्रंदिवस हातात चुन्याची बादली दिसू लागली.

आता नारीनकडची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगायला पाहिजे. तिकडे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं आणि रस्ता खालून फुगतो. कारा-बुलुनचा रस्ता तर असा फुगायचा की समोरच्या घरातला माणूस नोव्हेंबरात दिसेनासा व्हायचा आणि एप्रिलात बर्फ वितळून रस्ता खाली बसला की लोक पलीकडे हाक मारून विचारायचे, “काय रे, हिवाळ्यात मुलगा झाला की मुलगी?” आणि बसलेल्या रस्त्याची मग लापशी होते. या दुखण्यावर जगभर औषधं आहेत, पण ती सगळी महाग आणि परदेशी. सागिनालीला एकदा सासुरवाडीला, याच कारा-बुलुनला, तंबूत नमद्यावर पडल्या पडल्या वाटलं की बाहेर दगड फुटतोय आणि आपली पाठ मात्र ऊबदार आणि कोरडी आहे; मग रस्त्याच्या पाठीनं काय पाप केलंय?

एवढीच कल्पना. पण एखादी गोष्ट साधी असली की तिला सल्ले फार येतात.

त्याच्या इमारतीखालच्या बाकावर जी निवृत्त मंडळी ऊन खात बसत त्यांच्या कानावर ही बातमी त्याची बायको बुरुलाय हिच्यामार्फत गेली. पहिला म्हणाला, “अरे बाबा, आमच्या काळी रस्त्याखाली रस्ताच असायचा.” दुसऱ्यानं विचारलं की उन्हाळ्यात रस्त्याला उकडणार नाही का. तिसरा औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेला. तो गंभीरपणे म्हणाला, “कसर लागेल.”

“रस्त्याला?”

“लोकर म्हटली की कसर आली. माझ्या बायकोचा ओव्हरकोट बघ.”

सागिनालीनं हे हसण्यावारी नेलं. पण समन्वय परिषदेच्या बैठकीत हाच प्रश्न उपसंचालकांनी विचारला, आणि इतिवृत्तात ‘रस्त्यास कसर लागण्याच्या संभाव्यतेचा सखोल विचार व्हावा’ अशी नोंद झाली. सखोल विचारासाठी डांबराच्या गोळ्यांचं एक पोतं मंजूर झालं. हे संशोधनाला मिळालेलं पहिलं अनुदान.

त्यानंतर पशुवैद्यक खातं आलं. त्यांचं म्हणणं असं की लोकर हा प्राणिजन्य पदार्थ आहे, तेव्हा ज्या मेंढ्यांची ती लोकर त्या निरोगी असल्याचा दाखला पाहिजे. सागिनालीचा आवाज चढला. “अहो, त्या रस्त्याखाली जाणार आहेत!”

“मेंढ्या?”

“लोकर!”

“मग मेंढ्या कुठं आहेत?” पशुवैद्य म्हणाला. “तपासायला आणा.”

मेंढ्या तोपर्यंत बहुतेक बेशबार्माकच्या, म्हणजे मटण-शेवयांच्या, परातीतून पुढच्या प्रवासाला गेलेल्या होत्या. शेवटी त्यांच्या नातेवाईक मेंढ्या तपासून काम भागवलं. वस्त्रोद्योगवाले म्हणाले, नमदा म्हणजे गालिचा, आणि रस्ते खात्याला गालिचे विकत घ्यायचा अधिकार नाही, तो फक्त राजशिष्टाचार विभागाला. मग राजशिष्टाचार विभागानं नमदे विकत घेतले आणि रस्ते खात्याला ‘सन्माननीय पाहुण्याच्या स्वागतार्थ’ म्हणून दिले. सन्माननीय पाहुणा म्हणजे खडी.

“हे मी कुठल्या खात्यात दाखवू?” तुर्सुनाय एजेनं चष्म्यावरून विचारलं.

“संशोधनाच्या.”

“संशोधनाच्या खात्यात गालिचे? लेखापरीक्षक म्हणेल, साहेबांनी घर सजवलं.”

“एजे, माझ्या घरी येऊन बघा, सतरंजीसुद्धा धड नाही!”

“तेच तर. तो म्हणेल, विकले.”

संतापानं सागिनालीचा काल्पाक, म्हणजे उंच पांढरी टोपी, टाळूवरून सरकून कपाळावर आला, पण त्यानं सगळं निभावलं. एका आंतरराष्ट्रीय बँकेनंही होकार दिला: प्रयोग यशस्वी झाला तर पुढच्या टप्प्याचा खर्च त्यांचा. अट एकच. अर्ध्या रस्त्याखाली नमदा घालायचा, अर्ध्या रस्त्याखाली मुद्दाम घालायचा नाही. दोन्हीत फरक दिसला तर नमद्याचा गुण खरा. आणि तो बघायला वसंतात त्यांचा तज्ज्ञ येणार, फिनलंडचा रायमो नावाचा गृहस्थ.

अट रास्त होती. जगात कुठंही रास्त ठरली असती. कारा-बुलुन जगात नव्हतं, एवढंच.

गावात एकच रस्ता आणि त्याच्या दोन आळ्या, वरची आणि खालची. खालच्या आळीत सागिनालीचा मेहुणा कुबात राहायचा. नमदा कुठं घालायचा? सागिनालीनं क्षणाचाही विलंब न लावता वरची आळी निवडली. उद्या कुणी म्हणायला नको की साहेबानं सरकारी लोकर सासुरवाडीच्या दारात अंथरली. असा निर्णय घेतल्यावर माणसाला स्वतःबद्दल जो आदर वाटतो तो त्याला घरी पोहोचेपर्यंत वाटत होता.

“म्हणजे माझ्या भावाच्या दारात उघडी माती?” बुरुलाय म्हणाली.

“अगं, शास्त्र आहे ते. तुलनेला काहीतरी लागतं ना!”

“तुलनेला माझंच माहेर सापडलं?”

“मी पक्षपात केला असं लोक म्हणाले असते.”

“अहो, आता ते काय म्हणताहेत ते ऐका एकदा,” बुरुलाय म्हणाली आणि चहाचा कप असा ठेवला की बशीनंच मत दिलं.

लोक काय म्हणत होते ते सागिनालीनं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर बरं झालं असतं. तिकडच्या माणसाला घर नसलं तर चालेल, पण पाहुण्याला उघड्या जमिनीवर बसवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं. घरात एक शिर्दाक असला, म्हणजे रंगीत नक्षीचा नमदा, तर तो पाहुण्याखाली जातो आणि यजमान गवतावर बसतो. अशा गावात अर्ध्या रस्त्याखाली सरकारनं नमदा घातला आणि अर्ध्याखाली नाही.

काम सुरू झालं ऑक्टोबरात. सकाळी वरच्या आळीत नमदे पसरून झाले, दुपारनंतर साऱ्या रस्त्यावर खडी पडायची होती. एवढ्यात खालच्या आळीचा म्हातारा तोकोन छातीवर हात ठेवून समोर आला. “साहेब, गावात येऊन उपाशी जाणार? आमच्या दाढीचा तरी मान राखा.”

सागिनाली विरघळला. त्याला वाटलं, बघा, ही साधी माणसं! उघडी माती वाट्याला आली तरी मनात किल्मिष नाही. तोकोननं त्याला दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं, सहा थरांच्या गाद्यांवर. आधी चहा, तळलेले बोर्सोक पाव, लोणी, जाम. मग कुमिस. घोडीच्या त्या आंबट दुधाचे चार वाडगे पोटात गेले की कुठलीही बैठक लांबते. मग खुद्द मेंढीचं डोकं त्याच्या पुढ्यात आलं. ते आलं की उठता येत नाही. कान कुणाला, डोळा कुणाला, गालाचं मांस कुणाला हे पाहुण्यानं ठरवायचं आणि प्रत्येक वाटणीबरोबर दोन शब्द बोलायचे. उभ्या आयुष्यात डोकं त्याच्या पुढ्यात कधी आलं नव्हतं. विभागीय जेवणांत तो नेहमी बरगडीच्या रांगेत. तो बोलत गेला. रस्त्यांचा इतिहास सांगितला. बाहेर फावड्यांचा आवाज येत होता, ट्रकचा येत होता, बायकांचा जरा जास्तच येत होता.

“बाहेर काय चाललंय?”

“काम,” तोकोन म्हणाला. “तुमचा धाक आहे ना. डोळा कुणाला देताय?”

शेवटी सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवून जेवण संपल्याचं ओमीन म्हटलं आणि सागिनाली बाहेर आला तेव्हा दोन्ही आळ्यांत एकसारखी खडी पसरली होती आणि रोलर तिच्यावरून मांजरासारखा घरघरत होता. खालच्या आळीतल्या बायका घामानं निथळत, डोईचे रुमाल सावरत उभ्या होत्या. तोकोनची बायको सैराकान त्याला बघून गोड हसली. इतकं गोड की एखाद्याला संशय आला असता. सागिनालीला कृतज्ञता आली.

हिवाळा पडला तो नावाला साजेसा. शेजारच्या गावात म्हणे हाक मारली की ती दारातच गोठायची आणि वसंतात ऐकू यायची. सागिनाली बिश्केकला खिडकीतून पॉप्लरचे चुना लावलेले बुंधे बघायचा आणि नजर वळवायचा.

एप्रिलात रायमो आला. उंच, पांढुरका, मोडकं रशियन बोलणारा आणि तेही क्वचित. बिश्केकहून नारीनपर्यंत रस्ताभर त्यानं एकच वाक्य उच्चारलं, “डोंगर आहेत.” सागिनालीनं ते मान्य केलं.

वरची आळी झकास होती. रस्ता सपाट, कोरडा. पाण्याचा पेला भरून ठेवला तरी हिंदकळला नसता. सागिनालीची छाती फुगली. आता खालची आळी, म्हणजे चिखल, खड्डे, फुगवटे, शास्त्राचा विजय. त्यानं हात लांब करून म्हटलं, “आणि आता हा पाहा तुलनेचा भाग!”

तुलनेचा भागही झकास होता. सपाट, कोरडा. पेलाही तितकाच राहिला असता.

रायमो एकदा वर चालत गेला, एकदा खाली वळणापर्यंत चालत आला. “फरक नाही,” तो म्हणाला.

सागिनालीच्या कानांत चुन्याच्या बादलीची कडी वाजली. फरक नाही म्हणजे नमद्याचा काही उपयोग नाही. म्हणजे अनुदान नाही. म्हणजे पॉप्लर. त्याच्या जन्मातलं एकुलतं एक संशोधन दोन शब्दांत निकालात निघत होतं, आणि तेही शब्द असा माणूस उच्चारत होता ज्याला डोंगर दिसायला दोनशे किलोमीटर लागले होते.

“खणा,” रायमो म्हणाला.

फावडं खडीखाली गेलं आणि मऊ लागलं. वर आला तो नमदा. सरकारी करडा नव्हे. लाल आणि निळा, मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीचा, कडेला दुहेरी टाके घातलेला. दुसऱ्या ठिकाणी खणलं, तिथं हिरवा-नारिंगी. तिसऱ्या ठिकाणी तर एका पोरीच्या लग्नातला निघाला. कोपऱ्यात तिचं नाव शिवलेलं.

“हे कुणी केलं?” सागिनाली ओरडला. त्याचा आवाज फाटला. “कुणी केलं हे? मी तुमच्याकडे जेवलो! मी भाषण केलं!”

“भाषण चांगलं होतं,” तोकोन म्हणाला. “जरा आणखी लांब असतं तर कडा नीट दुमडता आल्या असत्या.”

“अक्साकाल, तुम्ही वडीलधारे—”

“त्यांना काय विचारता, मला विचारा!” सैराकान पुढं आली. तिचा संताप सागिनालीपेक्षा सहा महिने जास्त मुरलेला होता. “पाहुणा मोटारीतून उतरतो तेव्हा त्याचा पहिला पाय कुठं पडतो? रस्त्यावर! वरच्या आळीत नमद्यावर आणि आमच्या दारात मातीवर! आम्ही काय भिकारी आहोत? सरकारला लोकर कमी पडली तर आमच्याकडे आहे. माझ्या आजेसासूनं लग्नाच्या वरातीत घोड्यांखाली नमदे अंथरले होते. ही अक्कल तिची, तुमची नव्हे!”

“पण एजे, तो भाग रिकामा ठेवायचा होता! मुद्दाम! शास्त्रासाठी!”

“शास्त्राला सांगा, स्वतःच्या दारात रिकामं ठेव.”

लोक हसले. सागिनालीनं एवढी वर्षं मंत्र्यांच्या, संचालकांच्या, लेखापरीक्षकांच्या पुढं गिळलेला अपमान आता एका दमात बाहेर आला. तो म्हणाला की या देशात संशोधन करण्यापेक्षा मेंढ्या राखाव्यात. म्हणाला की पशुवैद्यापासून राजशिष्टाचारापर्यंत सगळ्यांची मनधरणी केली ती असल्या गावासाठी. म्हणाला की मी स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याच्या दारात उघडी माती ठेवली, बायकोचं तोंड सहा महिने सहन केलं, कशासाठी, तर कुणी बोट दाखवू नये म्हणून!

आळीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. तोकोन खाकरला.

“तिथं मात्र,” तो म्हणाला, “आम्ही तुमचा शब्द मोडलेला नाही.”

तेवढ्यात वळणापलीकडून, आळीच्या टोकाकडून, धप्पकन आवाज आला. सागिनालीचं भाषण कळत नसल्यामुळे रायमो पुढं चालत गेला होता, आणि कुबातच्या फाटकासमोर अडखळून पालथा पडला होता. तिथं रस्ता उंटाच्या मदारीसारखा वर आलेला, मधोमध दुभंगलेला, आणि कडेनं लापशी. कुबातची गाडी मदारीच्या आतल्या अंगाला नोव्हेंबरपासून अडकून होती.

“तुमच्या सचोटीपायी आमच्या सगळ्या आळीला उघडी माती आली,” सैराकान म्हणाली. “म्हटलं, साहेबाला सचोटी इतकी आवडते ना, तर राहू दे बिचारी. त्याच्याच मेहुण्याच्या दारात ठेवली.”

रायमो उठला. त्यानं गुडघ्यावरचा चिखल झटकला नाही. मदारीची उंची मोजली, दोन्ही बाजूंचा सपाट रस्ता मोजला, पुन्हा मदार मोजली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं. आपल्याकडे त्याला हसू म्हणतात.

“फरक आहे,” तो म्हणाला.

सागिनाली त्या ओल्या मदारीवर मटकन बसला. संशोधन वाचलं होतं. शास्त्रानं नाही, लेखापरीक्षेनं नाही. त्याच्यावरच्या गावाच्या रागानं. याचा आनंद मानावा की गावावर फिर्याद करावी हे त्याला कळेना.

बँकेचा होकार महिन्याभरात आला. मंत्र्यांनी पत्रकारांना सांगितलं की नमद्याची कल्पना त्यांना घोड्यावर सुचली. बँकेनं आपल्या पुस्तिकेत ती बँकेची असल्याचं छापलं. विभाग विलीन होणं टळलं. फक्त पुढच्या टप्प्याची अट होती: कुबातच्या दारातला भाग तीन हिवाळे आहे तसा ठेवायचा, दुरुस्ती करायची नाही, आणि तशी पाटी लावायची.

पाटी लावायला सागिनालीला स्वतःच जावं लागलं. बुरुलाय बरोबर आली, मागच्या सीटवर बसली आणि बोलली नाही. कुबात फाटकात उभा होता.

“झेज्दे,” तो बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला, “तीन वर्षं?”

“माझा नाइलाज आहे रे. आंतरराष्ट्रीय करार आहे.”

कुबातनं पाटी उलटसुलट करून पाहिली. तीन भाषा होत्या, बँकेच्या बोधचिन्हातला गरुड होता, मंत्रालयाचा शिक्का होता. खाली लिहिलं होतं: ‘संशोधनाधीन. हात लावू नये.’ तो हळूहळू ताठ झाला. “इथं नको,” तो म्हणाला, “जरा उंच ठोक. खालच्या आळीला वाचता आली पाहिजे.”

पाटी उंच ठोकली. कुबातनं शेजाऱ्यांना चहाला बोलावलं, पाटी दिसेल अशा अंगाला तोंड करून बसवलं. सागिनाली समाधानानं गाडीत बसला, गाडी वळवली, आणि पाहतो तर सगळी खालची आळी रस्त्यावर. हातात फावडी.

“कुबातच्या दारात सरकारी पाटी,” सैराकान म्हणाली. “तीन भाषांतली. गरुडासकट. आणि आमच्या?”

“एजे, त्याचा रस्ता खराब आहे म्हणून—”

“हो ना? मग आमचाही होईल. नमदा काढायला किती वेळ लागतो? घातला होता तेवढाच.” मागून कुणीतरी म्हणालं, “साहेबांना आधी जेवायला बसवा.”

वरच्या आळीतूनही माणसं येताना दिसत होती. त्यांच्याही खांद्यावर काही होतं, आणि ती काही वाद्यं नव्हती.

सागिनाली गाडीतून उतरला. समन्वयात गेलेलं आयुष्य काही अगदीच वाया जात नाही. तो गाडीच्या टपावर चढला आणि त्यानं जाहीर केलं की ज्या ज्या दारासमोर नमदा जागच्या जागी असेल त्या त्या दारावर पाटी लागेल, तीन भाषांतली, गरुडासकट, आणि कुबातच्या पाटीहून चार बोटं रुंद.

फावडी खाली आली. कुबातचा चहा थांबला. “रुंद का?” तो फाटकातून ओरडला.

“तुझी उंच आहे!” सागिनाली टपावरून ओरडला.

“पाट्या कुठल्या खात्यात दाखवू?” बिश्केकला तुर्सुनाय एजेनं विचारलं.

“उपकरणं,” सागिनाली म्हणाला. “संवेदनशील उपकरणं.” त्या दिवशी एजेनं पहिल्यांदा दुसरा प्रश्न विचारला नाही.

पुढच्या वसंतात रायमो पुन्हा आला. नमद्यावरचा रस्ता सपाट होता आणि कुबातची मदार वाढून एवढी झाली होती की गावातली पोरं हिवाळाभर तिच्यावरून घसरत होती. त्यानं सगळं मोजलं. मग त्याची नजर दारोदारच्या पाट्यांवर गेली. एका पाटीवर कुणीतरी प्लास्टिकची फुलं वाहिली होती. बँकेच्या पैशातल्या त्या पाट्यांपुढून तो सावकाश चालत गेला, आणि सागिनाली घाम पुसत मागे.

शेवटच्या पाटीशी तो थांबला. आता विचारणार हे सागिनालीनं ओळखलं, आणि विचारायच्या आत त्यानंच सगळं सांगून टाकलं, मेंढीच्या डोक्यापासून फावड्यांपर्यंत, हातवारे करत, गावाला, बँकेला आणि मेहुण्याला सारख्याच शिव्या देत. रायमोनं एकवार डोंगरांकडे पाहिलं.

“आमच्याकडे,” तो म्हणाला, “दर घरामागे दोन पाट्या लावाव्या लागतात.”